बिल भरलं तो खर्च नव्हेच

घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्यानं हाती घेतलेला माणूस पहिली चूक कुठे करणार, हे डोळे झाकून सांगता येतं. बचत खात्यातून कार्डाच्या बिलाचे १८,४०० रुपये गेलेले दिसतात आणि तो समोर 'खर्च : क्रेडिट कार्ड' टाकून मोकळा होतो. किराणा, पेट्रोल, दिवाळीचे कपडे या नोंदी महिनाभर वेगळ्या झालेल्याच असतात. महिनाअखेरी अहवाल काढावा तर खर्च जवळपास दुप्पट! मग शिव्या सॉफ्टवेअरला.

खरं तर गावच्या किराणा दुकानात उधारीची वही पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. तूरडाळ घरी आली त्याच दिवशी खर्च झाला. कापूस विकून दुकानदाराचे पैसे चुकते केले, तेव्हा फक्त देणं फिटलं. डाळ काही दुसऱ्यांदा आली नाही. कार्डाचंही तेच.

म्हणून कार्डाचं खातं 'देणी' गटात उघडायचं. ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्रेडिट कार्ड' असा खात्याचा स्वतंत्र प्रकारच आहे. जळगावच्या फुले मार्केटात ज्या तारखेला कार्ड चालवलं, त्या तारखेला 'कपडे' नावे (डेबिट) आणि कार्ड जमा (क्रेडिट). बिल भरलं की बचत खात्यातून कार्डाच्या खात्यात रक्कम वर्ग करायची. खर्चाच्या खात्याला हात लावायचा नाही. आरंभीची शिल्लक ताज्या स्टेटमेंटवरून घ्यावी आणि त्या तारखेनंतरचेच व्यवहार टाकावेत.

बँकेची आणि कार्डाची, दोन्ही फायली आयात करत असाल तर भरणा दोनदा येतो: बँकेकडून २८ तारखेला गेलेला, कार्डाकडे ३० तारखेला पोचलेला. व्यवहार एकच आहे, त्यामुळे दुसरी ओळ पहिलीशी जुळवायची, नवी नोंद करायची नाही. शिवाय बऱ्याच कार्डांच्या फायलीत खरेदी अधिक चिन्हानं येते आणि भरण्यापुढे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) असं शेपूट असतं. आधी चारच ओळी आयात करून देणं वाढतंय की घटतंय ते बघावं. दोनशे ओळी उलट्या घुसल्यावर निस्तरणं महाग पडतं.

खरी परीक्षा मेळ घालताना, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहताना. स्टेटमेंट १५ तारखेचं असेल तर मेळही १५ तारखेचाच, भरण्याच्या मुदतीचा नव्हे. १४ तारखेला कार्ड चालवलं आणि बँकेनं ते १६ तारखेला चढवलं, तर तो व्यवहार पुढच्या बिलात जातो. त्याच्यावर खूण न करता तो तसाच सोडायचा. एवढं करूनही पुष्कळदा फरक उरतो १ रुपया ८० पैशांचा. धुळ्याच्या हायवेवर भरलेलं हजाराचं पेट्रोल आठवावं. त्यावर एक टक्का अधिभार १० रुपये, अधिभारावर १८ टक्के जीएसटी १.८०, म्हणून स्टेटमेंटवर ओळ १,०११.८० ची. सवलत असेल तर १० रुपये परत येतात, जीएसटी येत नाही. ते १.८० 'बँक शुल्क'मध्ये टाकले की फरक शून्य. मेळाच्या खिडकीत फरक एका नोंदीनं बुजवायचं बटण असतं; ते दाबणारा पुढच्या महिन्यात मोठी चूकही बुजवतो, असा अनुभव आहे. मेळ पूर्ण झाला की ग्नूकॅश स्वतःहूनच भरण्याची नोंद करायची का विचारतं. तेवढं करून घ्यावं.

ईएमआय हा वेगळाच गुंता. २४,००० चा मोबाइल बारा हप्त्यांवर नेला की बँक मूळ खरेदी उलटवते आणि दरमहा हप्ता चढवते. तो हप्ताच खर्च म्हणून लिहिला तर मोबाइल दोनदा घेतल्यासारखा दिसतो. 'कार्ड ईएमआय' असं आणखी एक देणं उघडून २४,००० तिकडे वळवावेत. वार्षिक १४ टक्क्यांनी पहिल्या हप्त्यात मुद्दल साधारण १,८७५, व्याज २८०, व्याजावरचा जीएसटी ५०.४०. मुद्दल या देण्यातून कार्डावर वर्ग होतं. खर्च फक्त ३३०.४०. 'नो कॉस्ट' म्हणवणाऱ्या योजनेतही व्याजाएवढी सूट मिळते, व्याजावरचा जीएसटी मात्र खिशातूनच जातो.

जळगावला येऊन कार्डावर सोनं घेतलं तर नोंद फोडावी: सोन्याची किंमत मालमत्तेत, मजुरी आणि जीएसटी खर्चात. सगळं 'दागिने' खर्चात ढकललं तर त्या महिन्यात घर बुडालं असं अहवाल सांगेल.

सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करणाऱ्या मुलखात केळीचा किंवा कापसाचा पैसा एकदम येतो, कार्डाची तारीख मात्र दर महिन्याला. तिथे 'किमान देय', म्हणजे बिलापैकी निदान भरावीच लागणारी छोटी रक्कम, मोहात पाडतं. २०,००० च्या बिलावर ५ टक्के म्हणजे हजार भरले, तर उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ व्याज आणि त्यावर ११९.७० जीएसटी. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, म्हणजे आकडा याहून चढाच. नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. भरण्याची मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय विलंब शुल्क लावायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण चौथ्या दिवशी मोजणी मूळ तारखेपासूनच होते. हे व्याज आणि शुल्क मात्र खरोखरचा खर्च. स्टेटमेंटच्या तारखेला 'कार्डाचं व्याज' असं वेगळं खातं काढून तिथेच नावे टाकावं, म्हणजे वर्षाकाठी ते किती झालं ते एका ओळीत दिसतं.