ग्रुपला पाठवण्याआधी

सकाळी साडेदहाला तो आला तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं होतं. सोबत बायको. "मॅडम, कालपासून बंद केली. आज संध्याकाळीच दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जाऊन बसतो, पत्ता द्या." व्यसनमुक्तीच्या कामात हे वाक्य आपणहून कमीच ऐकू येतं. मी पेन उचललंही. तेवढ्यात त्याने समोरचा पाण्याचा ग्लास घेतला. दोन्ही हातांनी. तरी पाणी डचमळून शर्टावर सांडलं.

शेवटचा पेग कधी? काल दुपारी चारला. म्हणजे साडेअठरा तास झाले. रोजची पाऊण बाटली, तीन वर्षं खंड नाही. आधी कधी सोडली होती का, म्हटल्यावर तो गप्प. बायको म्हणाली, "गेल्या वर्षी सोडली होती. दुसऱ्या दिवशी फिट आली."

पेन खाली ठेवलं. इतकी पिणाऱ्याने एकदम थांबवली की दारूने इतके दिवस दाबून ठेवलेली मज्जासंस्था उसळते. थरथर, घाम, मळमळ पहिल्या दिवसातच सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. भास, ताप, बरळणं, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, बहुधा ४८ ते ९६ तासांत. यात माणूस दगावू शकतो, आणि आधी फिट येऊन गेलेल्याला धोका जास्त. मीटिंगमधली माणसं कितीही मायेची असली तरी हा इलाज त्यांच्याकडे नसतो. मी त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं. दाखल करून बेन्झोडायझेपाइन, म्हणजे मज्जासंस्था शांत करणारं औषध, सुरू झालं, डोस रोज थोडा थोडा कमी करत नेण्याचा. थायमिनचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ चं, इंजेक्शनही. "नुसतं सलाइन लावा, ताकद येईल," असा बायकोचा धोशा होता. पण थायमिन संपत आलेल्या शरीरात आधी सलाइनमधून ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन आधी.

तो सहा दिवस वॉर्डात होता. तेवढ्यात मी ग्रुपचं काम उरकलं, आणि तिथेच आमचं पितळ उघडं पडलं. आमच्या यादीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (ए.ए., एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना) गुरुवारची मीटिंग होती. फोन केला तर कळलं, ती जागा केव्हाच सुटली. आता वार शनिवार, हॉल वेगळा. हे नेहमीचंच. ए.ए. बाहेरची देणगी घेत नाही, खर्च सभासदांच्या वर्गणीतूनच चालतो, त्यामुळे खोल्या साध्या आणि कुणाच्या तरी मर्जीवरच्या. जागा बदलते, यादी तशीच राहते. त्या संध्याकाळी मी पत्ता दिला असता तर तो थरथरत कुलपासमोर उभा राहिला असता. आणि तिथून माणूस कुठे जातो, ते सांगायला नको.

फोनवर विचारायचं ते एवढंच: मीटिंग ओपन की क्लोज्ड? ओपनला घरचे, माझ्यासारखे बसू शकतात. क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. भाषा कोणती? आणि मुख्य म्हणजे, अर्धा तास आधी दारात कुणी थांबेल का? थांबतात. ए.ए.ची सुरुवातच तशी आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दारू सुटत नसलेले डॉक्टर बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर दारू सोडलेल्या बिल डब्ल्यूंना भेटले आणि तास न् तास बोलत बसले. हेच दोघं ए.ए.चे संस्थापक.

पाचव्या दिवशी फोन त्याच्याच हातात दिला. माझ्याकडून पत्ता मिळणं वेगळं आणि तिकडचा आवाज आधी ऐकलेला असणं वेगळं. त्याचे प्रश्न सगळ्यांचेच असतात. नाव सांगावं लागेल? पहिलं पुरे. बोलावं लागेल? "आज ऐकतो" म्हटलं तरी चालतं. ओळखीचं कुणी निघालं तर? तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. ए.ए.त देवाचं बोलणं येतं, ते नको असेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत, त्यांच्या ऑनलाइन मीटिंगाही चालतात.

शनिवारी तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. विसाव्या मिनिटाला उठून बाहेर गेला. मी उठणार, तोच दारात थांबलेला तो सभासद त्याच्यामागे गेला. समजूत घातली नाही, नुसता शेजारी उभा राहिला. दहा मिनिटांनी दोघं आत आले. बायकोला एका बाईंनी अल्-अ‍ॅनॉनची वेळ सांगितली. कुटुंबीयांसाठी तो वेगळा गट आहे, नवरा पीत असो वा नसो.

निघताना मी बजावलं: एका मीटिंगवरून ठरवू नका. दोन-तीन ग्रुप मिळून सहा वेळा जा, नाही जमलं तर माझ्याकडे या. यादीची एक प्रत दिली. तीन सभासदांचे नंबर त्याने तिच्याच मागे स्वतःच्या हाताने उतरवले. अक्षर वाकडं, पण वाचता येण्याजोगं.

सोमवारी सकाळी त्याचा फोन. "मॅडम, तुमच्या यादीतला चौथा नंबर बंद आहे. खोडून टाका."