‘हे कधीपासून होतंय?’

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या हिशेबनिसांचा फोन आला. आमच्या प्रणालीतून निघालेले एक बिल त्यांच्या समोर होते. एकूण रक्कम २५०.५० रुपये आणि खाली छापलेली देय रक्कम २५० रुपये. पन्नास पैसे आले की पुढचा रुपया धरायचा, असे ठरलेले असल्यामुळे तिथे २५१ हवे होते. त्याच गठ्ठ्यातल्या ३५१.५० रुपयांच्या बिलावर मात्र ३५२ हा बरोबर आकडा होता. त्यांनी एवढेच विचारले, ‘हे कधीपासून होतंय?’

अर्धा रुपया आला की जवळच्या सम संख्येकडे जायचे, ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या डेसिमल मॉड्यूलची, म्हणजे दशांश हिशेब करणाऱ्या तयार भागाची, मूळ पद्धत आहे, त्यामुळे काय घडते आहे ते लगेच कळले. पण आम्ही ती पद्धत तीन वर्षांपूर्वीच बदलून ‘राउंड हाफ अप’, म्हणजे अर्धा आला की वरचा रुपया, अशी केली होती आणि कोडमधली ती ओळ अजून जागेवर होती. ‘गिट’ हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची (त्याला कमिट म्हणतात) नोंद ठेवणारे साधन. कोणती ओळ शेवटी कोणत्या कमिटमध्ये बदलली हे सांगणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने त्या ओळीसमोर कोड नीटनेटका करणारा एक कमिट दाखवला, तो वगळून पाहिल्यावर तीन वर्षांपूर्वीचा मूळ कमिट आला. ब्लेम फक्त आज शिल्लक असलेल्या ओळींबद्दल बोलतो, म्हणून कमिटची यादी देणाऱ्या ‘गिट लॉग’ला कॅपिटल ‘एस’चा पर्याय देऊन ‘राउंड हाफ अप’ हे शब्द शोधले. एखाद्या फाइलमध्ये दिलेला मजकूर किती वेळा येतो ही संख्या ज्या कमिटमध्ये बदलली, तेवढेच कमिट हा पर्याय दाखवतो, त्यामुळे पुसून टाकलेल्या ओळीसुद्धा त्यात सापडतात. इथे मात्र तोच एक जुना कमिट परत समोर आला.

म्हणजे पूर्णांक करण्याच्या कोडला कोणीही हात लावलेला नव्हता आणि तरीही त्याचे वागणे बदललेले होते. शोधण्यासाठी शब्दच हाताशी नसेल, तेव्हा ‘गिट बायसेक्ट’ला पर्याय नाही. बरोबर चालणारी एक जुनी आवृत्ती आणि चुकणारी आजची आवृत्ती सांगितली, की तो मधला कमिट काढून देतो, आपण बरे-वाईट सांगायचे आणि उरलेला पल्ला दर वेळी निम्मा होत जातो. आमच्याकडे मध्ये सुमारे ६०० कमिट होते, म्हणजे जेमतेम दहा फेऱ्या. मी एक लहान स्क्रिप्ट लिहून ती या फेऱ्या आपोआप चालवणाऱ्या ‘बायसेक्ट रन’कडे सोपवली: २५१ आले तर शून्य, म्हणजे ‘बरे’, नाही तर एक, म्हणजे ‘वाईट’, आणि तो कमिट मुळात चालतच नसेल तर १२५, म्हणजे ‘हा सोडून द्या’.

बायसेक्टने दोषी ठरवला तो अगदी शेवटचा कमिट, ज्यात फक्त रीडमी या माहितीपर फाइलमधली एक ओळ बदललेली होती. हे शक्यच नव्हते. माझी स्क्रिप्ट पूर्णांक करणारे फंक्शन थेट बोलावत होती आणि तसे बोलावले की प्रत्येक कमिटवर २५१च येत होते. सगळेच ‘बरे’ निघाल्यावर, मी आधीच ‘वाईट’ म्हणून सांगितलेले शेवटचे टोक तेवढे उरले. तेव्हापासून कोणतीही स्क्रिप्ट मी आधी दोन्ही टोकांवर हाताने चालवून पाहतो आणि मगच बायसेक्टच्या हाती देतो.

दुसऱ्या वेळी, दुकानदार काढतो तसे पूर्ण बिल काढणारी स्क्रिप्ट लिहिली. नवव्या फेरीत जो कमिट हाती लागला, त्यात पूर्णांकाचा शब्दही नव्हता. बिल तयार होईपर्यंत पडदा अडकून राहू नये म्हणून ते काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात, नेले होते, बस. डेसिमलची पद्धत ज्या संदर्भात ठरवलेली असते, तो संदर्भ प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो. आमची ओळ प्रोग्रॅम सुरू होताना मुख्य थ्रेडमध्ये चालत होती. नव्या थ्रेडला मात्र मॉड्यूलचा मूळ संदर्भ, म्हणजे सम संख्येकडे जाणारा, मिळत होता.

दुरुस्ती एका ओळीची झाली: पूर्णांक करतानाच पद्धत स्पष्टपणे सांगायची, संदर्भावर विसंबायचे नाही. मला जास्त समाधान त्यानंतरच्या कामाचे वाटले. आवृत्त्यांच्या खुणा ठेवणाऱ्या ‘गिट टॅग’ला तो कमिट देऊन तो कोणकोणत्या आवृत्त्यांमध्ये गेला आहे हे विचारले, तेव्हा दोन आवृत्त्या मिळाल्या. त्या काळातली, बरोबर पन्नास पैशांवर संपणारी आणि रुपयांचा आकडा सम असलेली बिलेच तेवढी चुकली होती. त्या बिलांची यादी आणि पहिल्या आवृत्तीची तारीख मी दुसऱ्या दिवशी हिशेबनिसांना पाठवली.