नुकसान म्हणजे नेमकं काय झालं?

परवा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. विम्याचा सर्व्हेअर म्हणून पाहणीला गेलो. मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, सगळं नुकसान झालं बघा." मी वही उघडली आणि सवयीनं विचारलं, "नुकसान म्हणजे नेमकं काय झालं?" हा प्रश्न मला आपल्या शाळेत, आठवीच्या वर्गात, इंग्रजीच्या बाईंनी दिला.

आमच्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. इंग्रजी सुरू झालेली पाचवीत. वाईट काही घडलं की आमच्याजवळ शब्द एकच, डॅमेज. पाय मोडला, डॅमेज. दूध नासलं, डॅमेज. बाईंनी एक दिवस खडू ठेवला आणि म्हणाल्या, "आधी मराठीतले सांगा." मग फळा भरत गेला. इजा, दुखापत, मोडतोड, नासाडी, नासधूस, झीज, वाताहत, वाटोळं, सत्यानाश. "घरात एवढे शब्द असताना इंग्रजीत एकावर का भागवता?"

त्यानंतर आठवडाभर आम्ही एकेका शब्दाला जोडीदार शोधत होतो. वस्तूला होतं ते डॅमेज, शरीराला होते ती इंज्युरी. हार्म दोघांनाही होतो आणि न दिसणाऱ्या गोष्टींनाही, नावलौकिकालासुद्धा. दूध स्पॉइल होतं आणि लाडानं पोरही. डॅमेज झालेलं दुरुस्त होण्याची आशा असते, डिस्ट्रॉय झालेल्याची नसते. डॅमेजला शेवटी एस लावला की कोर्टातली नुकसानभरपाई होते. आणि वापरून वापरून झिजलं ते वेअर अँड टेअर, त्याला डॅमेज म्हणायचं नाही. विम्याच्या पॉलिसीतही झिजेची भरपाई नाही, हे पुढं नोकरीत वाचलं तेव्हा ते कलम मला ओळखीचं वाटलं.

शब्दांची कुळं सांगताना बाई रंगून जात. डिझास्टरच्या पोटात तारा आहे, वाईट तारा, म्हणजे आपण 'ग्रह फिरले' म्हणतो तेच. सॅबोटाज म्हणजे मुद्दाम केलेली मोडतोड, त्यात फ्रेंच लाकडी बूट आहे. चिडलेल्या कामगारांनी असे बूट यंत्रांत फेकले, अशी गोष्ट सांगतात. पुढच्या बाकावरचा, घरी दोन माग असलेला मुलगा लगेच म्हणाला, "बाई, ताणा तुटंल की सगळा! सांधायला दिवस जाईल." बाईंनी त्याला पुढं बोलावलं आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कसा सांधतात ते वर्गाला सांगायला लावलं. त्या गोष्टीला पुरावा नाही, हे मी पुढं शब्दकोशात पाहिलं. त्या बुटांवरून फ्रेंचांनी धसमुसळ्या, बिघडवून ठेवलेल्या कामाला क्रियापद केलं आणि त्यातून हा शब्द आला. पण तो मुलगा फळ्यापाशी उभा राहून हवेत धाग्याची गाठ मारून दाखवत होता, ते मला आजही दिसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही भांडी खणखणली, माणसं रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा बाईंच्या हातात इंग्रजी पेपर होता. मथळ्यात डिव्हॅस्टेटेड होतं. "या शब्दाच्या मुळाशी ओसाड करणं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मग रुइन सांगितला, मुळात कोसळणं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. त्या दिवशी कुणाला वाक्यात उपयोग करायला सांगितलं नाही.

मी दहावीत असताना वडिलांची गिरणी बंद पडली. निबंधात मी लिहिलं, 'अवर मिल वॉज डॅमेज्ड.' बाईंनी मला थांबवून घेतलं. "यंत्रं मोडली का?" नाही. "इमारत पडली?" नाही. "मग काय झालं?" मी म्हणालो, वडील रोज डबा भरून घेतात, गेटपर्यंत जातात आणि परत येतात. बऱ्याच महिन्यांचा पगार राहिलाय. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी माझ्या वहीत डॅमेज्ड खोडलं, वर क्लोज्ड लिहिलं आणि समासात आणखी एक शब्द, इंज्युरी. "पण बाई, बाबांना लागलं नाही." त्या म्हणाल्या, "लॅटिनमध्ये याचा अर्थ जखम नाही. अन्याय आहे. न्यायाच्या विरुद्ध जे होतं ते."

मी घरी येऊन ते वडिलांना सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली, इंग्रजी वाचता येत नसताना त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाईंनी लिहिलं हे?"

परवाच्या आगीत गठ्ठ्यांचे मी तीन भाग केले. जळालेले, पाण्यानं भिजलेले आणि नुसता धुराचा वास लागलेले. कडेला पिवळा पडलेला एक टॉवेल उलगडला तर आतली नक्षी कोरी करकरीत होती. तिन्हींना अहवालात वेगळे शब्द आहेत, वेगळी रक्कम आहे. गेटबाहेर कट्ट्यावर कामगार बसले होते, तेलुगूत हळू आवाजात बोलत. माग पुन्हा लागेपर्यंत त्यांची मजुरी बंद. मालाच्या पॉलिसीत त्यांच्यासाठी रकाना नसतो.

बाई शाळेच्या महोत्सवाला येणार आहेत असं कळलं. त्या रकान्याला कोणता शब्द लिहायचा, ते मला त्यांना विचारायचं आहे.