५५६८ की ५७३०? कोड खुला करताना आलेला माझा अनुभव

दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांवर मी पीएचडी करते आहे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव ही नावं आमच्यात घरच्या माणसांसारखी घेतली जातात. माझं काम मात्र खणण्याचं नाही, तारखांचं आहे. उत्खननात मिळालेला कोळसा प्रयोगशाळेत जातो, त्यात कार्बन-१४ किती उरलाय ते मोजतात, त्यावरून वय काढतात. आजवर छापून आलेली अशी सगळी वयं गोळा करायची, कॅलिब्रेट करायची, म्हणजे कार्बनचं वय आणि खरं वर्ष यांची सांगड घालणाऱ्या आजच्या वक्रावर टाकून खऱ्या वर्षांत बदलायची, आणि एकच प्रश्न विचारायचा: इसवी सनपूर्व १००० नंतर प्रवरा, घोड, भीमा या नद्यांच्या काठची वस्ती ओसरली का, आणि ओसरली असेल तर किती झपाट्याने?

प्रश्न माझा नाही, जुनाच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या त्या कामाचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यातली वस्तीच्या तीन काळांची मांडणी आम्हाला तोंडपाठ असते, सगळी वर्षं इसवी सनपूर्व: माळवा १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. पूर्व जोर्वे काळात मोठी चौकोनी घरं, उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या. हवामान कोरडं होत गेलं, शेती हटली, माणसं गरीब झाली, असं ढवळीकरांनी मांडलं. मला हे तारखांच्या बाजूने तपासायचं होतं.

पद्धत थोडक्यात सांगते. कॅलिब्रेट केलेली तारीख म्हणजे एक आकडा नसतो, शक्यतांचा एक उंचसखल डोंगर असतो. हे सगळे डोंगर एकमेकांवर रचले की एक मोठी रेघ तयार होते. जिथे रेघ वर तिथे वस्ती जास्त, जिथे खाली तिथे कमी, असं वरवर वाटतं. पण काही चढउतार निव्वळ वक्रामुळे येतात, काही नमुने कमी असल्यामुळे. म्हणून लोकसंख्या एकाच गतीने बदलत होती असं धरून संगणकाकडून हजार वेळा खोट्या तारखा तयार करून घ्यायच्या आणि आपली रेघ त्या गर्दीतून बाहेर पडते का ते बघायचं. एन्रिको क्रेमा आणि अँड्र्यू बेव्हन यांनी यासाठी आर भाषेत आर-कार्बन नावाचं पॅकेज केलंय. ते फुकट आहे, आणि आतला कोड कुणालाही वाचता येतो.

माझी रेघ बाहेर पडली. इ.स.पू. ९५० च्या सुमाराला ठळक उतार, पी-मूल्य ०.०४३. लोकसंख्या एकाच गतीने बदलत असतानाही रेघ निव्वळ योगायोगाने इतकी बाहेर पडण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य; ते ०.०५ च्या खाली असलं की निष्कर्ष सहसा ग्राह्य धरतात. मी लेख लिहून पाठवला. परीक्षकांच्या शेऱ्यांत एक ओळ होती: डेटा आणि कोड पाठवा, मला स्वतः चालवून पाहायचं आहे.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दे की. पण त्याआधी दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालतंय का ते बघून घे."

कोल्हापूरला माझी एक मैत्रीण संख्याशास्त्र शिकवते. तिला झिप फाइल पाठवली. तासाभरात फोन आला. "अगं, पहिल्याच ओळीला अडलंय. तुझ्या डेस्कटॉपचा पत्ता घातलायस तू यात." खरंच होतं. फाइल कुठून वाचायची ते मी माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरच्या नावासकट लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं, तर एक फाइल पाठवायचीच राहिली होती. ती पाठवली, तर दोन पॅकेजं कुठली लागतात ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. या तीन गोष्टींत आमचे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुझ्या थराच्या कॉलममध्ये 'चार मार्च' काय आहे?"

उत्खननात नमुना दोन थरांच्या सीमेवर मिळाला की आम्ही थर '३-४' असं लिहितो. एक्सेलने त्याची तारीख करून टाकली होती. '२-३', '५-६' सगळ्यांचं तेच झालं होतं. एकाच घरातल्या, एकाच थरातल्या तारखा मी आधी एकत्र करते, नाहीतर ज्या घरातून पाच नमुने घेतले ते घर पाच घरांएवढं मोजलं जातं. थरच चुकले म्हटल्यावर ती एकत्र करण्याची पायरीही चुकली. सगळा तक्ता साध्या सीएसव्हीत नव्याने भरला, थराचा कॉलम मजकूर म्हणूनच वाचला जाईल असं कोडमध्ये लिहून टाकलं, आणि त्यानंतर तो तक्ता मी एक्सेलमध्ये उघडलेला नाही.

आता कोड शेवटपर्यंत चालला. तिचं पी-मूल्य आलं ०.०५६.

मी माझ्याकडे तोच दुरुस्त तक्ता घालून पुन्हा चालवलं, ०.०४७. परत चालवलं, ०.०५१. हजार खोट्या संचांवर काढलेलं पी-मूल्य ०.०५ च्या आसपास असेल तर ते दर वेळी ०.००७ च्या आगेमागे हलणारच, हे मैत्रिणीने कागदावर गणित करून दाखवलं. मी ते एकदाच चालवलं होतं आणि पहिला आलेला आकडा लेखात घातला होता. मुद्दाम निवडला नव्हता, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? मग दहा हजार संच केले आणि यादृच्छिक आकड्यांची सुरुवात कुठून व्हावी तो सीड कोडमध्ये बांधून टाकला. तरीही आमचे आकडे जुळेनात. माझ्याकडे आरची ३.६ च्या आधीची आवृत्ती होती, तिच्याकडे नंतरची. २०१९ मध्ये ३.६.० आलं तेव्हा नमुने निवडण्याची आतली रीत बदलली, त्यामुळे सीड तोच असूनही निवड वेगळी होते. दुसरं म्हणजे कॅलिब्रेशनचा वक्र कोणता घ्यायचा ते मी लिहिलंच नव्हतं. न लिहिल्यास पॅकेज स्वतःचा ठरलेला वक्र घेतं. माझ्या जुन्या आवृत्तीत तो इंटकॅल१३ होता, तिच्या नव्या आवृत्तीत इंटकॅल२०. एकच कोड दोन मशीनवर दोन वेगळ्या वक्रांवर चालत होता आणि एररही येत नव्हता.

हे सगळं बांधायला आर-एन्व्ह नावाचं साधन वापरलं. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती याची ते यादी करून ठेवतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर तीच बसवतं. फोल्डरची रचना कशी ठेवायची याबद्दल बेन मार्विक यांचा २०१७ चा लेख फार उपयोगी पडला: मूळ डेटा एका जागी, त्याला हात लावायचा नाही, कोड दुसरीकडे, आलेख आणि तक्ते कोडमधूनच तयार झाले पाहिजेत. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने एम.ए.लाच तो वाचावा.

इथवर सगळं यंत्राचं होतं. खरी गोष्ट पुढे आहे.

मैत्रीण म्हणाली, "यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहिशील का? मला पुरातत्त्वातलं काही कळत नाही, पण तक्त्याला उगम असावा." मी प्रत्येक ओळीपुढे संदर्भ आणि पानाचा नंबर लिहायला बसले. भारतातल्या जुन्या तारखांच्या नंबरांवरून प्रयोगशाळा कळते. टीएफ म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पीआरएल म्हणजे अहमदाबाद, बीएस म्हणजे लखनौची बिरबल साहनी संस्था. माझ्या बऱ्याच तारखा प्रयोगशाळांच्या मूळ यादीतून नव्हे, नंतरच्या पुस्तकांतल्या तक्त्यांवरून घेतल्या होत्या. सोय म्हणून.

ग्रंथालयात दोन खंड शेजारी शेजारी उघडून बसले होते. एकाच नमुन्याची दोन वयं दिसली: एकीकडे ३००५, दुसरीकडे ३०९०. आधी छपाईची चूक वाटली. पुढच्या नमुन्यालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. मोबाइलवर भागाकार केला: १.०२८. दुसऱ्याचा १.०२९. मग दुसऱ्या खंडातल्या तक्त्याच्या तळाशी, पिवळ्या पडलेल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ दिसली: अर्धायुष्य (म्हणजे कार्बन-१४ निम्मा व्हायला लागणारा काळ) ५७३० वर्षं धरले आहे.

५७३० ला ५५६८ ने भागलं की १.०२९ येतात.

विलार्ड लिबींनी ही पद्धत १९४९ च्या सुमाराला उभी केली, आणि सुरुवातीच्या वर्षांत कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं जाऊ लागलं. १९६२ मध्ये ५७३० हा जास्त अचूक आकडा मान्य झाला. पण प्रयोगशाळांनी वय कळवताना ५५६८ च धरायचं असं ठरलं, म्हणजे जुनी-नवी वयं एका मापात राहतील. कॅलिब्रेशनचा वक्र त्याच मापावर बेतलेला असतो, अर्धायुष्यातली चूक तो आपोआप भरून काढतो. त्यामुळे ५७३० चं वय वक्रावर टाकलं की एकच दुरुस्ती दोनदा होते आणि ३००० वर्षांच्या नमुन्याचं वय ८५-९० वर्षांनी जास्त येतं. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या छापील तक्त्यांत कुठे ५५६८, कुठे ५७३०, कुठे दोन्ही, आणि कुठे थेट १९५० वजा करून 'इ.स.पू.' असं दिलंय. त्या काळी ते करणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, अर्धायुष्य कुठलं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. तळटीप न वाचता आकडे उचलले ते मी.

सहा आठवडे लागले. प्रत्येक ओळीला तीन नवे कॉलम जोडले: छापील आकडा जसाच्या तसा, कुठलं अर्धायुष्य, आणि पान. ५५६८ वर आणण्याचा भागाकार हाताने न करता कोडकडून करून घेतला, म्हणजे कुणालाही तो दिसेल. ज्या तारखांचं अर्धायुष्य कुठूनच कळेना त्या वगळल्या आणि वगळल्या असं लिहिलं. वगळताना जीव तुटत होता. एकेका तारखेमागे कुणीतरी उन्हात बसून ब्रशने झाडून काढलेला कोळसा असतो.

नव्या तक्त्यावर कोड चालवला तेव्हा ९५० चा तो उतार उथळ झाला आणि अलीकडे सरकला. उत्तर जोर्वेच्या बऱ्याच तारखा ५७३० वाल्या होत्या, त्या विनाकारण मागे ढकलल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी खड्डा पडला होता. आता माझी रेघ खोट्या तारखांच्या गर्दीतून बाहेर पडत नव्हती. दुसरी अडचण वक्राचीच आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात तो जवळजवळ सपाट होतो. हॉलस्टाट पठार म्हणतात त्याला. कार्बनचं वय २४५० आलं तर खरं वर्ष ७५० ते ४०० मध्ये कुठेही असू शकतं. इनामगावची वस्ती ७०० ला संपली की ६०० ला, हे जुन्या कोळशाच्या तारखांवरून, त्यातही ज्यांची त्रुटी, म्हणजे मोजमापातली आगेमागची वर्षं, शंभराच्या घरात आहे अशांवरून, सांगता येत नाही. कोळसा जुन्या खोडाच्या गाभ्यातला असेल तर आणखीच घोळ. त्यापेक्षा जवाचे जळके दाणे मोजले पाहिजेत; दाणा एकाच हंगामाचा असतो.

म्हणून ढवळीकर चुकले असं मी म्हणत नाही. त्यांचं म्हणणं घरं, भांडी, हाडं, धान्य यांवर उभं आहे. माझ्या तारखा त्याला दुजोराही देत नाहीत आणि खोडूनही काढत नाहीत, एवढंच मी आता छातीठोकपणे सांगू शकते. पहिल्या लेखात मी त्यांना दुजोरा मिळाला असं लिहिलं होतं.

मी संपादकांना कळवून लेख मागे घेतला आणि नव्याने लिहिला. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "आता झोप लागेल ना?" लागली.

तक्ता आणि कोड झेनोडो या खुल्या संकेतस्थळावर ठेवलेत. सर्न चालवतं ते, २०१३ पासून. तिथे डीओआय, म्हणजे फाइलचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, नंतर आपण नोकरी बदलली, लॅपटॉप गेला, तरी फाइल तिथेच. डेटाला सीसी-बाय, कोडला एमआयटी परवाना दिला, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही ते वापरता येतात. एक गोष्ट मात्र जाणीवपूर्वक खुली केली नाही: कमी माहीत असलेल्या, न खणलेल्या स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश. आपल्याकडे पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती शेतात टाकायला ट्रॅक्टरने नेतात, अर्धं टेकाड एका उन्हाळ्यात संपतं. त्यामुळे त्या स्थळांपुढे फक्त तालुका आहे, आणि तसं का ते सोबतच्या फाइलमध्ये लिहिलंय.

नवा लेख स्वीकारला गेला. त्यानंतर चार महिन्यांनी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याचा मेल आला. "ताई, तुमच्या तक्त्यात एका ओळीत त्रुटी ११० च्या जागी १०१ पडली आहे. मूळ यादीचं पान जोडलंय." मी ग्रंथालयात जाऊन पान पाहिलं. त्याचं बरोबर होतं. ओळ दुरुस्त केली, कोड पुन्हा चालवला, निष्कर्ष बदलला नाही. नवी आवृत्ती चढवली आणि काय बदललं त्या नोंदीत, त्याला विचारून, त्याचं नाव घातलं. आता तो गोदावरी खोऱ्यातल्या राहिलेल्या तारखा त्याच तक्त्यात भरतोय, पान नंबर आणि अर्धायुष्यासकट.