गुलाल उधळला की फिल्म थांबते

"नेट ३०० चं घेतलं, राउटर नवा आणला, तरी फिल्म अडकते."

घरोघरी नेटवर्कची कामं करणाऱ्याला ही तक्रार रोजचीच. पण फोनवर काकांनी पुढे जे सांगितलं ते रोजचं नव्हतं. "आणि दर वेळी त्याच जागी अडकते बरं का. मी वेळा लिहून ठेवल्यात."

विलेपार्ले पूर्वेला, पुनर्विकास झालेल्या टॉवरमध्ये घर. काका बँकेतून निवृत्त, त्यामुळे वहीत तीन रकाने आखलेले : मिनिट, सेकंद, शेरा. शेऱ्यात कुठे 'गुलाल', कुठे 'पाऊस', एका ठिकाणी 'गुलाल + पाऊस, फार वेळ'. फिल्म त्यांच्या मुलाची, विसर्जनाच्या मिरवणुकीवरची, लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत. ३८ मिनिटांची, फोर-के, फाइल जवळजवळ २३ जीबीची. मुलगा ती मोठ्या पडद्यावर रंग आणि बारकावे तपासायला लावतो आणि गुलाल उधळला की गोल चक्र फिरायला लागतं.

माझ्या मते निम्मं निदान त्या वहीतच होतं. वाय-फायचं दुखणं असं वेळापत्रक पाळत नाही. शेजारी कुणी मायक्रोवेव्ह लावला, वरच्या मजल्यावर कुणी काही डाउनलोडला टाकलं, की तेव्हा अडकणार. आज अकराव्या मिनिटाला, उद्या तिसाव्या. रोज त्याच फ्रेमला अडकत असेल तर दोष फाइलच्या त्या तुकड्यात असतो, नाहीतर तो तुकडा वाटेत मावत नसतो. फाइल लॅपटॉपवर नीट चालत होती, म्हणजे प्रश्न वाटेचा.

आणि ही वाट घराबाहेर जातच नव्हती. फिल्म इंटरनेटवरून येत नव्हती. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर राउटर आणि त्याच्या शेजारी नॅस, म्हणजे घरातला साठवणीचा सर्व्हर. तिथून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत भिंतीतून गेलेली केबल. बाहेरचं नेट ३०० चं करा नाहीतर ३००० चं, या प्रवासाला त्याचा काही उपयोग नाही. प्लॅन वाढवून देणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. का सांगेल?

"पण ओटीटीवरचं फोर-के तर एकदम झकास चालतं," काकू म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. ओटीटीवरच्या फोर-केला साधारण १५ ते २५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट; इथले वेगाचे सगळे आकडे याच मापात) पुरतात आणि रस्ता अरुंद झाला तर ती ॲप्स गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतात. बघणाऱ्याला कळतही नाही. घरच्या सर्व्हरवरच्या फाइलला ही सोय नाही. जशी आहे तशीच ती जाणार. मुलाच्या कॅमेऱ्याचं मूळ फुटेज १०० एमबीपीएसचं, एडिट करून काढलेली फिल्म सरासरी ८० ची. पण सरासरीवर जाऊ नये. शांत दृश्यात व्हिडिओ दाबून छोटा करता येतो, कारण एका फ्रेममधलं पुढच्या फ्रेममध्ये बरंचसं तसंच असतं. गुलालाचे कण, पावसाचे थेंब, समुद्राचा फेस यांत मागच्या फ्रेममधलं फारसं काही कामाला येत नाही. तिथे आकडा १३० पर्यंत चढत होता.

टीव्हीची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि आयपर्फ या सॉफ्टवेअरने वेग मोजला. ९४. हा आकडा आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. गिगाबिट, म्हणजे १००० ची लाइन धड असेल तर ९४० च्या आसपास दिसतात. ९४ दिसले की समजायचं, लाइन १०० वर घसरली आहे. राउटर गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, मग मधलं कोण?

केबलच्या आठही तारा तपासणारा टेस्टर लावला. १, २, ३, ६ चे दिवे लागले. ४, ५, ७, ८ अंधारात. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच लागतात, गिगाबिटला चारही. इथे निळी आणि तपकिरी गायब होती. हॉलमधला स्विचबोर्ड उघडला तर निळी जोडी शेजारच्या इंटरकॉमच्या सॉकेटमध्ये जाऊन बसलेली, तपकिरी कापून गुंडाळून ठेवलेली. वॉचमन खालून "पार्सल आलंय" म्हणतो ते इतकी वर्षं नेटवर्कच्या केबलमधून येत होतं.

वायरमनला मी शिव्या घालणार नाही. पाइप एक, तारा दोन कामांच्या, आणि १०० च्या जमान्यात त्याची युक्ती बिनचूक चालत होती. पण त्याने ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

निळी जोडी परत घ्यायची तर इंटरकॉम बंद पडणार. काकूंनी ठाम नकार दिला, आणि तो रास्तच होता. पाइपमधून टेलिफोनची दोन पदरी तार ओढायचा प्रयत्न केला. वळणावर तार ओढायची स्प्रिंग पुढे सरकेना. भिंत फोडायचा प्रश्नच नव्हता, कारण इमारत मिवानची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून उभी केलेली, आतल्या भिंतीही आरसीसीच्या, त्यांना छिन्नी लावायची नसते. शेवटी स्कर्टिंगवरून पांढरी केसिंग पट्टी मारून इंटरकॉमची तार वेगळी नेली. पट्टी दिसते याची खंत काकूंनी माझ्यासमोर दोनदा बोलून दाखवली. दोन्ही टोकांना केबलच्या चारही जोड्या नव्याने क्रिम्प केल्या, म्हणजे पकडीने दाबून बसवल्या, लॅपटॉपवर ९४१ आले, केबल टीव्हीत खोचली, फिल्म लावली.

गुलाल उधळला आणि चक्र फिरलं.

काका माझ्याकडे बघत होते, मी टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगकडे. लाखभराचा टीव्ही आणि त्याचा लॅन पोर्ट १०० चा! बाजारातल्या बऱ्याच महागड्या टीव्हींचं असंच असतं. कंपन्या ओटीटीचा हिशेब धरून पोर्ट देतात आणि तेवढ्याला १०० भरपूर होतात. त्याच टीव्हीतलं वाय-फाय मात्र कितीतरी वेगवान असतं. इथे ते निरुपयोगी ठरलं होतं, कारण राउटर दाराशी आणि मधे आरसीसीच्या दोन भिंती; वाय-फायचा वेगवान पट्टा, ५ गिगाहर्ट्झ, त्यातून जेमतेम पोचत होता आणि टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या हळू पट्ट्यावर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत उभा राहत होता.

म्हणून दुरुस्त केलेल्या केबलच्या टोकाला हॉलमध्येच छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वाय-फाय देणारा डबा, बसवला. टीव्हीच्या पाठीमागे नाही, पडद्याच्या आडोशाने सिग्नल मार खातो. युनिटच्या कडेला, उघड्यावर. ५ गिगाहर्ट्झवर. टीव्हीची वायर काढून टाकली.

"वायर काढून वाय-फाय? लोक तर उलटं सांगतात," काका म्हणाले.

"लोकांचं बरोबर आहे काका, पण तुमच्या टीव्हीला वायरचं तोंडच लहान आहे."

टीव्हीवर वेग मोजला तर २५० च्या पुढे. काकांनी वही काढली, चष्मा लावला आणि एकेक वेळ आली की पेनने टिक करत गेले. 'फार वेळ' वालंही निघून गेलं.

तेवढ्यात मुलाचा फोन. फिल्म गावोगावच्या नातेवाइकांना पाठवायची होती, पेनड्राइव्हवर नाही, त्यांच्या त्यांच्या घरच्या नेटवर्कवरून बघता येईल अशी. मी म्हटलं, त्यांच्यासाठी एचईव्हीसीत, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबणाऱ्या पद्धतीत, ४० एमबीपीएसची वेगळी प्रत काढ, घरच्या टीव्हीवर बघताना फरक सांगता येणार नाही, आणि ती १०० च्या पोर्टवरूनही जाईल.

काकांनी स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. "म्हणजे तशी प्रत आमच्यासाठी काढली असती तर ही पट्टी मारावी लागली नसती?"

"मूळ फाइल तपासायची तर मारावीच लागली असती," फोनवरून मुलगा म्हणाला. काकू पट्टीकडे बघून म्हणाल्या, "मग तिला भिंतीचा रंग तरी दे."