काटा शून्यावर आल्यानंतरचा अर्धा तास

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि होड्या किनाऱ्याला लागल्या की रत्नागिरीच्या आसपासच्या बर्फाच्या कारखान्यांत वर्षभर तुंबलेली दुरुस्तीची कामे निघतात. अशाच एका कारखान्यात मी काही वर्षे देखभालीचे काम केले. बर्फ गोठवणाऱ्या यंत्रातल्या अमोनियाचा दाब कसा उतरवावा, हे मी तिथे शिकलो आणि बराचसा धडा एकाच दुपारी मिळाला.

त्या दिवशी जुन्या रिसीव्हरचे, म्हणजे द्रव अमोनिया साठवायच्या भांड्याचे, गॅस्केट (झाकणाचा सांधा घट्ट बंद करणारी चकती) बदलायचे होते. द्रव अमोनिया दुसऱ्या भांड्यात घेतला, उरलेला वायू काँप्रेसरने ओढला आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आल्यावर काँप्रेसर बंद केला. मी पाना उचलला, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "अरे थांब, आधी भांड्याच्या पोटाकडे बघ." तळाच्या बाजूला चार बोटे उंचीपर्यंत पांढरे हिम धरले होते आणि त्याच्या वरचा पत्रा मात्र नुसता ओला होता. आम्ही चहा घेऊन अर्ध्या तासाने परत आलो, तेव्हा काटा दीड किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाबावर) चढलेला होता.

कारण साधे आहे. वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांवर उकळतो. वायू ओढला जातो तसा तळाशी राहिलेला द्रव उकळत स्वतःच गार होत जातो, आणि या तापमानाला पोहोचला की त्याचा दाब बाहेरच्या हवेइतका उरतो. काटा शून्य दाखवतो, पण द्रव आतच असतो. बाहेरची ऊब लागली की तो पुन्हा वायू होऊ लागतो. ३० अंशांना हाच दाब ११ किलोच्या आसपास जातो. घाईने दाब सोडल्यास आणखी एक धोका असतो, तो म्हणजे साधे पोलाद अशा थंडीत ठिसूळ होते. म्हणून वायू थोडा थोडा ओढावा, भांडे शेडच्या तापमानाला येऊ द्यावे, पुन्हा ओढावे, आणि हिम पूर्ण वितळून काटा तासभर जागचा हलत नाही तोवर पान्याला हात लावू नये. (आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गेजच्या नळीत गंज साचून काटा अडकतो, त्यामुळे गेजचा कॉक (नळीवरचा छोटा व्हॉल्व्ह) मोकळा आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.)

शेवटचा थोडासा वायू आम्ही रबरी नळीने पाण्याच्या पिंपात सोडत असू. एक किलो अमोनियाला आठ-नऊ लिटर पाणी तरी धरावे. मात्र पाणी अमोनिया इतक्या ओढीने शोषते की वायूचा जोर कमी होताच पिंपातले पाणी उलटे नळीतून भांड्याकडे चढते. त्यामुळे आधी नळी पाण्याबाहेर काढायची आणि मग व्हॉल्व्ह बंद करायचा. ते पाणी खाडीत सोडणे म्हणजे मासे मारणे, हे मासळीवर जगणाऱ्या गावात तरी कोणाला सांगावे लागू नये, पण सांगावे लागत असे.

भांड्याला जोडलेल्या नळ्यांत नुसत्या बंद व्हॉल्व्हवर विसंबण्यापेक्षा ब्लाइंड प्लेट (नळीच्या सांध्यात बसवायची बिनभोकाची चकती) घालणे मला कधीही पटते. झाकण उघडताना लोक एक दशांश किलोला दाबच मानत नाहीत, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. आमचे झाकण ४० सेंटिमीटर व्यासाचे होते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा दाबानेही त्यावर सव्वाशे किलोचा जोर येतो. म्हणून सगळे नट ढिले करायचे, पण काही आटे धरून जागीच ठेवायचे, आणि सुरुवात आपल्यापासून लांबच्या बाजूने करायची. जुने गॅस्केट चिकटून बसले असेल तर नट सैल होऊनही फुसकारा येत नाही. अशा वेळी झाकणासमोर उभे न राहता बाजूने पाचर ठोकून सांधा फोडावा लागतो.

आमचे झाकण दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. तळाशी काँप्रेसरमधून आलेले वीतभर काळे तेल होते. बादलीत काढून शेडबाहेर ठेवले, तर दुपारपर्यंत त्यातून बारीक बुडबुडे येत होते आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटला होता.