लाईट आली, जादू गेली

भारनियमनाच्या दिवसांत आमच्या घरी लाईट आल्याचं सगळ्यात आधी मिक्सरला कळायचं. दाण्याचं कूट करताना मध्येच लाईट गेलेली असायची, आई बटण बंद करायला विसरलेली असायची आणि तीन तासांनी सामसूम घरात तो एकदम किंचाळायचा. पाठोपाठ टीव्ही. मग गल्लीभर पोरांचा 'आलीऽऽ' असा गजर.

म्हणून 'मॅजिक बाइट्स' ही कादंबरी उघडली तेव्हा पहिल्याच प्रसंगाला मला हसू आलं. अमेरिकेतली एक बाई अंधाऱ्या स्वयंपाकघरात समोर बाटली ठेवून बसली आहे आणि अचानक रिकाम्या घरात टीव्ही कर्कश आवाजात सुरू होतो. लाईट आली! पण ही बाई काही 'आलीऽऽ' म्हणत नाही. कारण लाईट आली याचा अर्थ जादू ओसरली, आणि जादू ओसरली म्हणजे घराभोवती मंतरून ठेवलेलं कुंपणही गेलं. थोड्याच वेळात एक व्हँपायर निरोप घेऊन हजर.

ही केट डॅनियल्स. पुस्तक 2007 सालचं. तिथून 2018 पर्यंत दहा कादंबऱ्यांत ती तलवार घेऊन फिरते. लेखिकेच्या जागी इलोना अँड्र्यूज हे नाव असलं तरी त्यामागे एक जोडपं आहे, नवरा-बायको मिळून लिहितात. (आमच्याकडे दोघांनी मिळून पडद्यांचा रंग ठरवायला दोन दिवाळ्या गेल्या.)

या जगात जादू लाटेसारखी येते. कधी येईल, किती टिकेल, सांगता येत नाही. आली की दिवे विझतात, गाड्या बंद पडतात, बंदुकीची गोळी सुटत नाही. गेली की मंत्र मुके. फोन मात्र जादूतही कधीकधी लागतो, का ते कुणालाच ठाऊक नाही. उंच इमारती जादूनं कुरतडून ढासळल्या आहेत. लोक घोडे-खेचरं बाळगतात. केटकडे जादूवर चालणारा एक खटारा आहे, तो सुरू करायला बराच वेळ मंत्र पुटपुटत बसावं लागतं. आमची जुनी स्कूटर पावसाळ्यात अशीच तिरकी करून, किका मारून आणि शेवटी विनवण्या करून सुरू व्हायची. मंत्र वेगळे होते, घरात म्हणण्यासारखे नव्हते.

जादूच्या गोष्टींत मला नेहमी खटकायचं ते हे, की जादू फार सोयीची असते. कांडी फिरवली, काम झालं. इथं ती आधी गैरसोय आहे, मग चमत्कार. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून जगलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. आमच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक तरी होतं.

केटचं तोंड फार चालतं. समोर सिंहाचं रूप घेणारा प्राणिराजा येणार आहे, आणि ही अंधारात मांजराला बोलवावं तशी हाक मारते. पहिल्या दोनशे पानांत मजा वाटते, नंतर वाटतं, बाई, एखादा टोमणा गिळ. त्या राजाशी जुळायलाही ती फार पानं घेते. पण तिला पैशाची ओढाताण आहे, जखमा खरोखर दुखतात, मारामारीनंतर ती मोडून पडते. भाडोत्री तलवारीचं काम करणाऱ्या बाईला हे शोभतं.

व्हँपायरही इथले रुबाबदार नाहीत. त्यांना स्वतःची बुद्धीच उरलेली नाही. कुणीतरी दूर बसून त्यांना चालवतो, त्यांच्या तोंडून बोलतो. वाचताना मला 'चांदोबा'तलं चित्र आठवत राहिलं. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आणि बोलतोय आतला वेताळ. फरक एवढाच, की वेताळ प्रेतात स्वतः राहायला यायचा, हे लोक घरबसल्या काम उरकतात.

2009 च्या तिसऱ्या पुस्तकात, 'मॅजिक स्ट्राइक्स'मध्ये, तर अमेरिकेतल्या अटलांटा शहरात चक्क राक्षस निघाले. आपले. विमानासकट. परगावी एसटी स्टँडवर गाववाला भेटावा तसं झालं मला. ते खलनायक आहेत हे कळूनही थोडा वेळ मी त्यांच्याच बाजूनं होते.

पण माझ्या मनात राहिलेली गोष्ट याहून बारकी आहे. केट स्वतःचं रक्त कुठं पडू देत नाही. जखम पुसलेली चिंधी, पट्टी, सगळं जाळून टाकते. रक्तावरून तिचं कूळ ओळखलं जाईल, आणि ते कळता कामा नये. का, ते पुढच्या पुस्तकांत उलगडतं, इथं फोडत नाही.

एका रात्री लाईट गेली असताना हे सगळं मी आईला सांगत होते. मेणबत्तीच्या उजेडात ती फणीतले केस काढून बोटाभोवती गुंडाळत होती. तलवार, व्हँपायर, सिंह, कशाचंच तिला काही वाटलं नाही. चिंध्या जाळण्यापाशी मात्र मान वर केली.

"शहाणी आहे पोरगी," ती म्हणाली. "नाहीतर तू! परवा नखं कापून तशीच खिडकीत ठेवलीस."

आणि केसांचं गुंडाळं कागदात बांधून ती आत निघून गेली. तेवढ्यात मिक्सर किंचाळला.